अ‍ॅम्बेसेडर पेट्रोल, १४८९ सीसी: टॅपेट सेट करूनही महिन्याभरात टकटक परत का येते

तक्रार नेहमी एकाच धर्तीची असते. टॅपेट सेट करून घेतले, आठ-दहा दिवस इंजिन शांत चाललं, मग सकाळी पहिल्या स्टार्टला टकटक सुरू झाली आणि महिन्याभरात ती दिवसभर ऐकू यायला लागली. पुन्हा सेट केलं, पुन्हा तेच. किंवा याच्या उलट: आवाज काहीच नाही, पण गरम इंजिन स्लोवर (म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) मिसिंग करतं आणि पुण्याजवळचा दिवे घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्येही दम लागतो. दुसऱ्या गाडीचा मालक सहसा टॅपेटचं नावही काढत नाही. वास्तविक तिचं दुखणं जास्त गंभीर आहे.

कॅमशाफ्टवरचा उंचवटा, म्हणजे कॅम, फॉलोअरला उचलतो, फॉलोअर पुशरॉडला, आणि पुशरॉड रॉकर नावाच्या तरफेतून व्हॉल्व्ह उघडतो. रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यातली फट म्हणजे गॅप, आणि ती ठरवणं म्हणजे टॅपेट सेट करणं. दोन्हीकडे चूक एकच होते. जुना गॅप किती होता हे न मोजताच लॉकनट (रॉकरवरचा अ‍ॅडजस्टर स्क्रू धरून ठेवणारा नट) सैल केला जातो. गॅप वाढला होता की कमी झाला होता आणि कुठल्या व्हॉल्व्हचा, ही माहिती त्या क्षणी कायमची जाते. म्हणून या लेखातली एक गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा: पाना लावण्याआधी आठही व्हॉल्व्हचे गॅप मोजा आणि तारीख, किलोमीटर घालून वहीत लिहा. निदान त्या आठ आकड्यांत असतं.

हे सगळं बीएमसी बी-सीरिजच्या १४८९ सीसी ओव्हरहेड व्हॉल्व्ह पेट्रोल इंजिनाबद्दल आहे. उत्तरपाड्याच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं हेच इंजिन होतं. १४८९ सीसी डिझेल किंवा १.८ लिटर इसुझू इंजिन असेल तर इथले आकडे आणि क्रम लावू नका.

मोजायची आणि सेट करायची पद्धत

गॅप इनलेट आणि एक्झॉस्ट दोघांना सारखाच, थंड इंजिनावर ०.३८ मिमी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत पंधरा थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). कॅमशाफ्ट बदलून वेगळी बसवली असेल तर ती बनवणाऱ्याचा आकडा धरायचा. थंड म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. पुण्यातली जानेवारीची सकाळ आणि एप्रिलची सकाळ यांतला फरक गेजच्या पत्तीवर (गॅप मोजायची ठराविक जाडीची पातळ पोलादी पट्टी) कळण्याइतका मोठा नसतो. दुपारी लक्ष्मी रोडच्या गर्दीतून आणलेली गाडी दोन तास सावलीत लावून मोजणं मात्र चूक. बॉनेट गार लागलं तरी हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) आतून गरम असतं.

लॉकनटला अर्धा इंची, म्हणजे चार सुती रिंग पाना लागतो. १३ चा मेट्रिक पाना बसल्यासारखा वाटतो, पण तो जरा ढिला असतो आणि दोन-तीन वेळात नटाचे कोपरे गोल होतात. इंची रिंग पाने बोहरी आळीत मिळतात. जुन्या बाजारातही बुधवारी किंवा रविवारी चांगल्या पोलादाचे जुने पाने सापडतात, फक्त तोंड फाकलेलं नाही ना हे नट घालून बघावं. गेजच्या पत्त्या मात्र जुन्या घेऊ नका. सतत वापरलेली पंधराची पत्ती टोकाला झिजून साडेचौदाची झालेली असते. मायक्रोमीटर असेल तर एकदा तपासा.

चारही प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. पुढे हँडल लावायची सोय असेल तर हँडलने फिरवा. नसेल तर सपाट जागेवर टॉप गिअर टाकून गाडी हळूहळू पुढे ढकला. वरच्या कव्हरचे दोन नट, त्याखालचे कप वॉशर आणि रबरी बुश क्रमाने बाजूला ठेवा.

रेडिएटरकडून मागे मोजत गेलात तर १, ४, ५, ८ हे एक्झॉस्ट आणि २, ३, ६, ७ हे इनलेट. सेट करायचा नियम नवाचा आहे. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे, म्हणजे ज्याची स्प्रिंग सगळ्यात जास्त दबली आहे, त्याचा नंबर नवातून वजा करा, जो उरेल तो व्हॉल्व्ह मोजा. ८ उघडा असताना १ मोजा, मग ६ उघडा करून ३, ४ वर ५, ७ वर २, १ वर ८, ३ वर ६, ५ वर ४ आणि शेवटी २ वर ७. या क्रमाने गेलं तर हँडलचे दोन पूर्ण फेरे होतात आणि आठही होतात. समोरचा जोडीदार पूर्ण उघडा असताना मोजायच्या व्हॉल्व्हचा फॉलोअर कॅमच्या गोल पाठीच्या मधोमध असतो, म्हणून हा नियम चालतो. नुसतं ‘रॉकर सैल वाटतोय’ एवढ्यावर गेलात तर फॉलोअर कॅमच्या चढावर असू शकतो आणि गॅप चुकीचा निघतो.

मोजताना ‘पत्ती किंचित घासत जायला हवी’ हे वर्णन प्रत्येकाच्या हाताला वेगळं लागतं. त्यापेक्षा दोन पत्त्यांची परीक्षा घ्या. चौदाची पत्ती मोकळी गेली पाहिजे आणि सोळाची जाता कामा नये. दोन्ही पुसून, तेलाचा पातळ हात लावून.

सेट करताना लॉकनट अर्धा फेरा सैल करा, स्क्रू ड्रायव्हरने अ‍ॅडजस्टर फिरवा, मग स्क्रू तसाच धरून नट आवळा. नट आवळताना स्क्रू थोडा तरी सोबत फिरतो, आणि अष्टमांश फेरा म्हणजेसुद्धा बरेच थाऊ. त्यामुळे आवळल्यावर दोन्ही पत्त्या पुन्हा घालायच्याच. पत्ती आत असताना आवळून पुढच्या रॉकरकडे गेलात तर आठांपैकी दोन-तीन हमखास चुकलेले निघतात. ‘सेट करूनही’ येणाऱ्या आवाजाचं सगळ्यात साधं कारण हे.

हेड पॅकिंग नुकतंच बदललं असेल तर आधी हेडचे नट पुन्हा टॉर्कला घ्या, मग टॅपेट. क्रम उलटला तर काम फुकट जातं. हेड थोडं खाली बसलं की पुशरॉड त्या मानाने वर येतात आणि सगळे गॅप कमी होतात.

वहीतले आकडे कसे वाचायचे

आधीच्या वेळी सगळे ०.३८ वर ठेवले होते असं समजा. २,००० किमीनंतर काही ०.४५ च्या पुढे गेले असतील तर झीज रॉकरच्या बाजूला आहे: रॉकरचं टोक, अ‍ॅडजस्टरचा गोळा, पुशरॉडची वाटी किंवा फॉलोअरचा तळ. ०.३० च्या खाली आले असतील तर दुखणं हेडमध्ये आहे. व्हॉल्व्ह सीटमध्ये (बंद असताना तो जिथे टेकतो ती कड) खोल बसतोय, त्यामुळे त्याची दांडी वर येऊन रॉकरला भिडायला लागली आहे. सगळे ०.३८ वरच असतील आणि तरी टकटक असेल तर आवाज गॅपचा नाही, किंवा पत्ती तुम्हाला फसवते आहे. आणि एकाच व्हॉल्व्हला तीन वेळा मोजून तीन वेगळे आकडे येत असतील तर रॉकरचा बुश गेला आहे. रॉकर शाफ्टवर डुलतो आणि पत्ती कशी घातली त्यावर आकडा ठरतो.

पत्ती फसवते ती जागा

महिन्याभरात आवाज परत येणाऱ्या बहुतेक गाड्यांत मूळ इथे असतं. व्हॉल्व्हच्या दांडीचं टोक रॉकरच्या तोंडाला ज्या जागी लागतं तिथे वर्षानुवर्षं मार बसून बशीसारखा खड्डा पडतो. खड्ड्याची रुंदी साधारण दांडीएवढी. गेजची पत्ती अर्धा इंच रुंद, त्यामुळे ती खड्ड्याच्या दोन्ही काठांवर पुलासारखी टेकते. खड्डा सहा थाऊ खोल असेल तर पत्तीखाली पंधरा आणि प्रत्यक्षात एकवीस. सेटिंग बरोबर, आवाज कायम. मग ‘थोडं टाइट करून बघू’ म्हणत गॅप खाली आणला जातो, आवाज काही दिवस दबतो आणि खड्डा पुढे वाढत राहतो.

खड्डा डोळ्यांनी दिसतो. रॉकर शाफ्टवर स्प्रिंगच्या बाजूला सरकवून तोंडाखाली टॉर्च मारा. चांगलं तोंड एकसारखं चमकतं. झिजलेल्या तोंडावर अर्धचंद्राची कड दिसते आणि नख फिरवलं तर तिथे अडतं. त्या कडेवर बारीक कानस हलकेच फिरवून बघा. कानस घसरली तर कडक थर शिल्लक आहे. कापायला लागली तर थर संपला, तो रॉकर बदलायचाच.

तात्पुरता उपाय म्हणजे पंधराची एक पत्ती कात्रीने कापून सहा मिमी रुंद करणं आणि कड तेलदगडावर घासून घेणं. ही अरुंद पत्ती खड्ड्याच्या आत बसते आणि खरा गॅप सांगते. डायल गेज असेल तर आणखी चांगलं. सुई रॉकरच्या टोकावर ठेवा, रॉकर हाताने वर-खाली करा, खेळ ०.३८ यायला हवा. मशीनवर तोंड घासून घेता येतं, पण फक्त खड्डा जाईपर्यंत. कडक थर पातळ असतो. खोल खड्डा घासून काढलेला रॉकर नव्यासारखा दिसतो आणि थोड्याच दिवसांत खालचं मऊ लोखंड खाल्लं जातं. तसे रॉकर नाना पेठेत स्पेअर म्हणूनही हातात पडतात, म्हणून विकत घेतानाही कानसेची परीक्षा करावी.

शाफ्ट काढायचा असेल तर आधी हे वाचा

रॉकर शाफ्टच्या ब्रॅकेटांच्या नटांपैकी चार हे हेडचेही नट आहेत. तेवढेच सैल केले तर हेडवरचा दाब एका बाजूने जातो, हेड वाकडं होऊ शकतं आणि पॅकिंगमधून पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. म्हणून रेडिएटर रिकामा करा, हेडचे सगळे ११ नट थोडे-थोडे, क्रमाने सैल करा, मगच शाफ्ट उचला. बसवताना मधून बाहेर जात तीन टप्प्यांत ४० पाउंड-फूट, म्हणजे साधारण ५.५ किलोग्रॅम-मीटर.

शाफ्ट हातात आला की खालची बाजू बघा. स्प्रिंग आणि पुशरॉड दोघंही रॉकरला वर ढकलतात, त्यामुळे झीज शाफ्टच्या खालच्या अंगाला होते, वरून तो चकचकीत दिसतो. बोटाने पायरी लागली तर शाफ्ट बदला. झिजलेल्या शाफ्टवर नुसते नवे बुश बसवून उपयोग नाही. बुश बसवणाऱ्याला तेलाचं छिद्र रॉकरच्या छिद्राशी जुळवून ड्रिल करायला आवर्जून सांगा. हे राहून गेलं तर नवा बुश कोरडा चालतो.

पुशरॉड काढताना सरळ ओढू नका. तळाशी तेलाने फॉलोअर चिकटलेला असतो, तो वर येऊन जागेवरून निसटू शकतो. आधी रॉड दोन बोटांत गोल फिरवा, सुटल्यावर उचला. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा, जुने रॉड आपापल्या जागीच परत गेले पाहिजेत. प्रत्येक रॉड काचेवर लोळवला की वाकलेला लगेच कळतो.

गॅप वाढतोय, रॉकर चांगला आहे

तेल बघा. कव्हर काढून इंजिन स्लोवर चालू करा, मिनिटा-दोन मिनिटांत आठही रॉकर ओले व्हायला हवेत. पंख्यापासून बाही आणि ओढणी लांब ठेवा. एका टोकाचे रॉकर कोरडे असतील तर शाफ्टच्या आत तेलाचा काळा गाळ बसला आहे. वरून तेल ओतून दोन दिवस आवाज जातो, एवढंच. शाफ्टच्या टोकाचा प्लग काढून आत तारेचा ब्रश फिरवा, केरोसीनने धुवा, हवा मारा. सगळेच कोरडे असतील तर ब्लॉकमधून हेडमार्गे ब्रॅकेटमध्ये येणारी वाट तुंबली आहे, ती मोकळी करा.

लॉकनट आपोआप सुटतो का हेही तपासता येतं. सेट झाल्यावर स्क्रू आणि नट यांच्यावरून नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर आटे गेले. स्क्रू आणि नट दोन्ही बदला.

एकाच व्हॉल्व्हचा गॅप सारखा वाढत असेल तर फॉलोअर आणि कॅमवर संशय घ्या. चालू इंजिनात चांगला फॉलोअर सावकाश गोल फिरत असतो आणि पुशरॉडही त्याच्याबरोबर फिरतो. रॉडवर मार्करने ठिपका द्या आणि स्लोवर बघा. सात रॉड फिरताहेत आणि एक जागेवर खिळलाय, तर त्याच्या खालचा फॉलोअर खड्डे पडून अडकला आहे. या इंजिनात फॉलोअर ब्लॉकच्या बाजूच्या झाकणांतून निघतात, हेड उतरवावं लागत नाही. कॅम नवी टाकली तर आठही फॉलोअर नवेच. जुन्या फॉलोअरवर नवी कॅम टिकत नाही.

कॅमचं टोक झिजलं तर गॅप बदलत नाही, कारण गॅप गोल पाठीवर मोजतो. व्हॉल्व्ह उघडतो कमी, सिलिंडर अर्धपोटी चालतो आणि आकडे मात्र निर्दोष दिसतात. म्हणून आकडे बरोबर आणि एक सिलिंडर कमजोर असेल तर आठही व्हॉल्व्हची उचल डायल गेजने मोजून आपसांत ताडून पाहा. एखादा अर्ध्या मिलिमीटरने मागे असेल तर कॅम संपली.

शांत इंजिन, कमी होणारा गॅप

याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. हे हेड शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातलं. त्या शिशाचा पातळ थर एक्झॉस्टच्या ओतीव लोखंडी सीटवर बसून तिला वाचवायचा. तो थर गेल्यावर तापलेला व्हॉल्व्ह दर वेळी सीटला सूक्ष्म चिकटतो, कण ओढून नेतो आणि सीट हळूहळू खोल जाते. गावात सावकाश चालणाऱ्या गाडीला हे वर्षानुवर्षं जाणवत नाही. खंबाटकी किंवा दिवे घाटात पाच माणसं आणि सामान घेऊन पूर्ण थ्रॉटलवर चढणाऱ्या गाडीला लवकर जाणवतं.

वहीत याची खूण ठळक असते. १, ४, ५, ८ कमी होतात आणि २, ३, ६, ७ जवळजवळ तिथेच राहतात. गॅप शून्यावर आला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटला टेकलेला असतानाच हेडला देतो. तो टेकलाच नाही तर कड जळते आणि एका बाजूने तुकडा जातो. आवाज बंद करा म्हटलं की दोन-तीन थाऊ कमी ठेवून देण्याची जी सवय आहे, ती याच कारणाने घातक आहे. या इंजिनाची हलकी, एकसारखी टिकटिक तब्येतीची खूण समजा. टिकटिक आपोआप बंद झाली तर त्याच आठवड्यात मोजा.

गॅप कमी निघाला तर पंधरावर सेट करून कॉम्प्रेशन घ्या: इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही प्लग बाहेर. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून कमी असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा घ्या. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा. त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून प्लगच्या भोकातून हवा सोडली आणि सायलेन्सरच्या तोंडाशी सूं ऐकू आलं तर एक्झॉस्ट निश्चित.

अशा हेडला नुसतं लॅपिंग (पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासणं) करून घेणं म्हणजे उरलेली सीट घालवणं. हेड मशीन शॉपला देऊन चार एक्झॉस्ट सीटच्या जागी कडक इन्सर्ट बसवून घ्या आणि सोबत नवे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घाला. गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) ढिले असतील तर ते सीट कटिंगच्या आधी बदलायला सांगा. गाइड नंतर बदलले तर सीट आणि व्हॉल्व्हचं केंद्र जुळत नाही. इन्सर्ट बसवेपर्यंत दर १,००० किमीला मोजा आणि घाटात इंजिन ओढू नका, गिअर खाली घेऊन थ्रॉटल हलका ठेवा.

टॅपेटसारखा वाटणारा दुसरा आवाज

आठही आकडे नीट आणि रॉकरची तोंडं चांगली असतील तर बाहेर शोधा. एका व्हॉल्व्हचा ठोका दोन फेऱ्यांत एकदा पडतो, ८०० आरपीएमच्या स्लोवर सेकंदाला सहा-सात. त्यापेक्षा दुप्पट वेगाने येणारा जड ठोका खालचा, क्रँककडचा असतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग उडालं तर हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते, पण ती ओढ दिल्यावर वाढते आणि पॅकिंगजवळ काळी फुंकर दिसते. मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा हात झिजला तरी असाच आवाज येतो. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक पंपाला लावलं की फरक कळतो. रॉकरचाच आवाज असेल तर स्लोवर चालू इंजिनात एकेका रॉकरखाली चार थाऊची पत्ती सरकवा. ज्याच्याखाली टकटक बदलली तो दोषी.

कव्हर बसवताना

कॉर्कचं पॅकिंग कव्हरच्या बाजूला चिकटवा, हेडच्या बाजूला नुसतं ग्रीस, म्हणजे पुढच्या वेळी फाटत नाही. दोन नट जोरात आवळले तर कव्हर मधे दबतं आणि टोकांना तेल गळतं. नटाखालचे रबरी बुश कडक झाले असतील तर तेच बदला.

गाडी घाटात एकदा नेऊन आणा, रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी कव्हर उघडून १, ४, ५, ८ एवढे चारच पुन्हा मोजा. चौदा जाते आणि सोळा जात नाही, तर तारीख आणि किलोमीटर लिहून पुढची तपासणी ५,००० किमीला ठेवा.